कॅनिस्टर खरखरतोय? मोटर बदलण्याआधी कान लावा

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. माशांची तीन फुटी प्लँटेड टाकी (आत खरी झाडं लावलेली), खाली कपाटात कॅनिस्टर फिल्टर (टाकीचं पाणी नळीने ओढून गाळणारा बंद डबा), वय सव्वा वर्ष. गेल्या रविवारी पहिल्यांदाच उघडला, स्पंज आणि सिरॅमिक रिंगा नळाखाली लख्ख धुतल्या, आणि परत जोडल्यापासून खरखर सुरू. दिवसा कमी, रात्री जास्त. हॉलमध्ये झोपणाऱ्या सासूबाईंची झोपमोड होते. दुकानदार म्हणतो मोटर गेली, नवं हेड (मोटर बसवलेला वरचा भाग) टाका.

हेड आत्ता घेऊ नका. शनिवारपर्यंत गुपचूप चालणारी मोटर रविवारी रिंगा धुतल्या म्हणून जात नाही. आणि आवाज आला की आपण पहिलं काय करतो, तर फिल्टर उघडून मीडिया (आतले स्पंज, रिंगा वगैरे) धुतो. मीडियाला आवाज नसतो. आवाज करणारी जागा बहुतेक वेळा दुसरीकडेच असते आणि ती न उघडताच ओळखता येते.

हेडमध्ये असतं काय ते बघा. तांब्याची कॉइल इपॉक्सीत ओतून कायमची बंद केलेली असते. तिथे पाणी पोचत नाही आणि हलणारं काहीच नसतं. फिरतो तो फक्त इम्पेलर, म्हणजे बोटाएवढा गोल चुंबक, त्याच्या डोक्यावर पाती, मधून जाणारा सिरॅमिकचा बारीक शाफ्ट आणि शाफ्टच्या दोन टोकांना रबरी बुचं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर असा दोन ध्रुवांचा चुंबक मिनिटाला ३००० फेरे घेतो. एवढ्या वेगात केसभर ढिलाई असली तरी ऐकू येते, आणि पाण्याऐवजी हवा कापावी लागली तर फारच.

तुमचा आवाज हवेचा वाटतो. सलग नाही, मध्येमध्ये ‘खर्रर्र’ होतं, थांबतं, पुन्हा होतं, आणि स्प्रेबारमधून (पाणी परत टाकीत सोडणाऱ्या भोकांच्या नळीतून) अधूनमधून बुडबुडे येतात असं तुम्हीच लिहिलंय. उघडून जोडल्यावर आत थोडी हवा राहणारच, रिंगांच्या पोकळीत आणि स्पंजच्या भोकांत ती दडून बसते. फिल्टर चालू ठेवून कॅनिस्टर दोन्ही हातांनी धरा आणि हळूच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलता करा. टाकीत भसाभस बुडबुडे सुटतील. मग प्लग काढून मिनिटभर थांबा, हवा वर गोळा होऊ द्या, परत लावा. दोन-चार वेळा केलं की अडकलेली हवा निघून जाते. राहिली तरी एक-दोन दिवसांत आपोआप संपते.

तुमची मात्र बुधवार उलटला तरी संपलेली नाही. म्हणजे हवा नव्याने आत येतेय. कुठून?

इथे बरेच जण झाकणाची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) बदलायला धावतात, आणि तो खर्च सहसा वाया जातो. कॅनिस्टर टाकीच्या खाली असतो, त्यामुळे त्याच्या आत वरच्या पाण्याचा दाब असतो. झाकणाला किंवा खालच्या तोटीला फट असेल तर पाणी बाहेर ठिबकेल, हवा आत जाणार नाही. कपाटाचा तळ कोरडा असेल तर ओ-रिंग निर्दोष समजा. नळीतून हवा ओढली जाते ती मुख्यतः एकाच भागात, जिथे इनलेटची (टाकीतलं पाणी ओढणारी) नळी पाण्यातून वर येऊन टाकीच्या काठावरून वळसा घेते. पाण्याच्या पातळीच्या वरच्या तेवढ्या भागात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथला जोड सैल असेल किंवा नळीचं टोक कडक होऊन चिरलं असेल तर हवा आत शिरते. जोडावर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. बुडबुडे थांबले तर चोर सापडला. नळीचं टोक अर्धा इंच कापून टाका, गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि पुन्हा घट्ट बसवा.

पण तुमच्याकडे नळीचा दोष नसावा. तुम्ही सीओटू (झाडांसाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड) बंद झाल्यावर रात्री एअर पंप लावता, आणि फोटोत एअरस्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) अगदी इनलेटच्या जाळीखाली दिसतोय. माझा संशय सगळा त्याच्यावर. रात्री आवाज वाढतो तो त्यामुळेच. तुम्ही म्हणाल, दगड वर्षभर तिथेच आहे, मग आताच कसा नडला? सव्वा वर्षाच्या गाळाने तुंबलेला फिल्टर मंद चालत होता, बुडबुडे जाळीशेजारून निसटून वर जात होते. धुतल्यावर प्रवाह वाढला, ओढ वाढली आणि तेच बुडबुडे आत जायला लागले. आज रात्री दगड टाकीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. सीओटूचा डिफ्यूझर (वायूचे बारीक बुडबुडे करणारा तुकडा) इनलेटजवळ असेल तर तोही हलवा, नाहीतर हाच प्रकार दिवसा होईल.

पाणी बदलल्यावरही असं होतं. नळाच्या थंड पाण्यात हवा भरपूर विरघळलेली असते. ते टाकीत कोमट झालं की बारीक बुडबुडे काचेला चिकटतात, तसेच कॅनिस्टरमध्येही साचतात. त्यासाठी काही करावं लागत नाही.

दगड हलवूनही खरखर तशीच राहिली तर इम्पेलरकडे वळा. त्याचा आवाज वेगळा, सलग ‘टर्रर्र’, कॅनिस्टर कलता केला तर सूर बदलतो पण जात नाही. प्लग काढा (स्विच बंद केला एवढ्यावर भागवू नका), दोन्ही तोट्या बंद करा, हेड उपडं करून इम्पेलरचं छोटं झाकण फिरवून काढा. इम्पेलर सरळ वर ओढा. चुंबक असल्यामुळे तो थोडा अडून बसेल, पण वाकडा ओढू नका. सिरॅमिकचा शाफ्ट वाकत नाही, काडकन तुटतो.

तो हातात आला की आधी शाफ्ट काचेवर गडगडवून बघा. सरळ असेल तर अडखळत नाही. मग बुचं मोजा, दोन हवीत. खालचं बूच खड्ड्याच्या तळाशी चिकटून राहतं आणि धुताना नकळत सिंकमधून वाहून जातं. माझ्या अंदाजाने ‘धुतल्यापासून आवाज’ या तक्रारीत हवेच्या खालोखाल नंबर या बुचाचाच. टॉर्च मारून खड्ड्यात डोकवा. पाती आणि चुंबक यांच्यात थोडं सैल फिरणं असतं, ते बहुतेक पंपांत मुद्दाम ठेवलेलं असतं, मोटरला सुरू होताना तेवढा झोका लागतो. त्याला तुटलेलं समजून सुपरग्लूने चिकटवणारे महाभाग आहेत. असं केलं की इम्पेलर गुरगुरतो आणि फिरतच नाही. पात्याचा टवका उडालेला असेल किंवा चुंबकाचं वेष्टण फुगून कडांना घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर मात्र नवा इम्पेलर घ्यायचा.

आणि गोगलगायी बघा. प्लँटेड टाकीत झाडांबरोबर त्या येतातच. मलेशियन ट्रम्पेट जातीचं पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं असतं, जाळीतून सहज आत जातं, शंख पात्यांत अडकला की डब्यात हरभरा हलवल्यासारखा आवाज येतो. इनलेटवर प्रीफिल्टर स्पंज चढवला की हे थांबतं, शिवाय कोळंबीची पिल्लंही वाचतात. फक्त तो स्पंज आठवड्याला पिळावा लागतो. विसरलात तर फिल्टरला पाणीच पुरत नाही आणि नवीन आवाज सुरू.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी शाफ्टवरचा पांढरा खडबडीत थर नखाने खरवडत बसू नये. कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड टाकून इम्पेलर अर्धा तास ठेवा, क्षार सुटून येतात. मग जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्यात नीट खंगाळा. खड्ड्यातला चिकट राप इअरबडने निघतो. साबण कुठेही नको.

तिसरा आवाज घुमण्याचा, ‘हूंऽऽ’. कॅनिस्टर दोन इंच उचलून हातात धरा. आवाज पडला तर दोष फिल्टरचा नाही, कपाटाचा. प्लायवुडचं रिकामं कपाट साध्या गुणगुणीचाही भोंगा करतं. खाली जुन्या योगा मॅटचा तुकडा घाला आणि नळ्या कपाटाच्या मागच्या पाट्याला टेकत असतील तर सोडवा. वीज गेल्यावरच घूं घूं वाढत असेल तर इन्व्हर्टर बघा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर पंखा जसा आवाज करतो तसाच फिल्टरही करतो, आणि मोटर जास्त तापते. प्युअर साइनवेव्हवर हा त्रास नाही.

प्रवाह कमी करायचा असेल तर आउटलेटची तोटी थोडी बंद करा, इनलेटची कधीच नाही. इनलेट आवळला की इम्पेलरला पाणी पुरत नाही, आतला दाब घटतो, पाण्यातलीच हवा सुटायला लागते आणि खरखर सुरू. तुंबलेल्या मीडियामुळेही नेमकं हेच होतं. बाजारातला पांढरा फ्लॉस (कापसासारखी बारीक गाळणी) खच्चून भरू नका. एकच पातळ थर पुरे, तोही पाण्याच्या वाटेत सगळ्यात शेवटी. आधी जाड स्पंज, मग रिंगा, मग फ्लॉस. बऱ्याच कॅनिस्टरमध्ये पाणी आधी तळाशी जाऊन वर चढतं, म्हणून जाड स्पंज खालच्या टोपलीत येतो. तुमच्या मॉडेलमध्ये पाणी कुठून कुठे जातं ते एकदा बघून घ्या.

आता जी गोष्ट तुम्ही विचारलीच नाही पण मला आवाजापेक्षा जास्त काळजीची वाटते, ती. रिंगा नळाखाली धुतल्यात. रिंगांवर जो तपकिरी राप असतो त्यात अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू असतात, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. सव्वा वर्षाची वसाहत तुम्ही रविवारी बरीचशी साफ केलीत. काचा, वाळू आणि झाडांवर काही उरले असतील, झाडं स्वतःही अमोनिया घेतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण दोन आठवडे खाणं निम्म्यावर आणा, अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट एक दिवसाआड करा, आकडा दिसला तर पाव टाकी पाणी बदला, अर्थात हायपो किंवा अँटिक्लोरिन (क्लोरीन घालवणारी औषधं) घालून. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर टेस्टची वाट बघू नका. यापुढे रिंगा टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने बुचकळायच्या. पाणी चहासारखं गढूळ झालं की बास.

किती दिवसांनी उघडायचा, याला तारखेचं उत्तर नाही. प्रवाह मोजा. आउटलेट दहा लिटरच्या बादलीत सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. मिनिटात भरली तर तासाला ६०० लिटर. खोक्यावरचा आकडा मीडिया न घालता, उंची न चढवता मोजलेला असतो, तो मिळत नाही म्हणून हळहळू नका. धुतल्यानंतरचा स्वतःचा आकडा लिहून ठेवा, तो एक तृतीयांशाने खाली आला की उघडायची वेळ झाली. दर वेळी ओ-रिंगची खाच पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं आणि सैल होतं. नळ्यांच्या आतला शेवाळी थर लांब स्प्रिंगच्या ब्रशने काढा, प्रवाह कमी होण्यात त्याचा वाटा वाटतो त्याहून मोठा असतो.

भारनियमनाच्या भागात राहत असाल तर एवढं लक्षात ठेवा की बंद कॅनिस्टरमधला प्राणवायू लवकर संपतो. वीज पाच-सहा तासांनी आली आणि फिल्टर आपोआप सुरू झाला, तर आतलं कुबट पाणी थेट टाकीत येतं. त्याआधी प्लग काढून ठेवा, आतलं पाणी ओतून टाका, मग लावा. आणि वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचणार नाही.

हेड खरंच कधी बदलायचं? इम्पेलरचा खड्डा आतून घासून खोल चर पडले असतील, कॉइलच्या वेष्टणाला तडा गेला असेल, पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या येत असतील (तेव्हा तर प्लग काढून फिल्टर बाजूलाच ठेवा), किंवा नवा इम्पेलर घालूनही मोटर गुरगुरत तापत असेल तर. तोवर इम्पेलर, शाफ्ट आणि बुचांचा संच आणा, हेडच्या मानाने तो फारच स्वस्त पडतो. जुना इम्पेलर सोबत घेऊन जा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून ताडून घेता येतो, ऑनलाइन मागवलात तर मॉडेल नंबर हेडवर कोरलेला बघा, खोक्यावरचा नको. अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला मात्र आणायला सांगू नका. तिकडे वीज ६० हर्ट्झची, काही कंपन्या त्यासाठी वेगळ्या मापाची पाती बनवतात, आणि तसा इम्पेलर आपल्या ५० हर्ट्झवर बसला तरी पाणी कमी फेकतो.