ड्रॉवरची लाकडी पेटी घरीच करायची आहे, टेलिस्कोपिक चॅनल कोणते घ्यावेत?

भरतकामाचे दोरे, मणी, टिकल्या ठेवायला लहान ड्रॉवरची पेटी करताय आणि चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या बाजूच्या धातूच्या पट्ट्या, कुठले ते विचारताय. कुठलेच घेऊ नका.

हेच मी आमच्या भावजींना सांगितलं होतं, आणि त्यावरून ऐन दिवाळीच्या फराळाला घरात जुंपली होती. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. सयाजीरावांनी 1890 साली कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची शाळा काढली, तेव्हापासून इथल्या प्रत्येक मराठी पुरुषाला आपण जन्मजात कारागीर आहोत असं वाटतं. रंधा हातात धरलेला असो वा नसो. मी पेटी करणार म्हटल्यावर भावजींनी लगेच कागद ओढला. प्लाय, वर सनमायका, प्रत्येक ड्रॉवरला चॅनल. "वहिनी, लाकडावर लाकूड सरकवाल तर पावसाळ्यात ड्रॉवर उघडायला पहार लागेल." भावजींचं हार्डवेअरचं दुकान आहे, हेही इथेच सांगून टाकते.

त्यांच्याच कागदावर मी हिशेब मांडला. चॅनल एका बाजूला साधारण 13 मिमी जागा खातो, म्हणजे ड्रॉवरमागे 26. एका ओळीत तीन ड्रॉवर घेतले की 78 मिमी, तीन इंचांहून जास्त रुंदी फुकट. शिवाय दुकानात सहज मिळतो तो चॅनलच 45 मिमी उंच. दोऱ्याच्या लडींना आतून 30 मिमी खोली पुष्कळ झाली. त्याहून खोल ड्रॉवर केलात की लडींवर लडी चढतात, तळातली छटा दिसत नाही आणि तीच पुन्हा विकत आणली जाते.

राहिला पावसाळा. लाकूड फुगतं ते आडव्या अंगाने, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. म्हणजे ड्रॉवरची फळी उंचीत वाढते, लांबीत नाही. म्हणून फट वर ठेवायची, लहान ड्रॉवरला 2 मिमी, आणि बाजूंना जेमतेम कागद सरकेल एवढी. आमच्याकडचे मिस्त्री नेमकं उलटं करतात. बाजूला ऐसपैस जागा सोडतात, मग ड्रॉवर तिरका होऊन अडकतो आणि खापर पावसावर फुटतं. ड्रॉवर रुंदीपेक्षा लांब ठेवा, म्हणजे तिरका व्हायला वावच उरत नाही. खाली सागवानाची पट्टी, तिच्यावर मेणबत्ती घासायची. झालं.

माझं लाकूड म्हणजे पाडलेल्या घराच्या दाराच्या सागवानी फळ्या, जुन्या लाकडाच्या वखारीतून आणलेल्या. अशा लाकडाचं सुरुवातीचं जे काय आकसायचं-वाकायचं ते बरंचसं होऊन गेलेलं असतं; पावसाळ्यात थोडं फुगतं ते फुगतंच. फक्त रंधा मारण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा राहिला तर पात्याची वाट लागते.

पुढच्या श्रावणात विश्वामित्री भरून वाहत होती, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं होतं, तेव्हा भावजी आले आणि एकेक ड्रॉवर ओढून बघू लागले. एका बोटाने. मग एक पूर्ण बाहेर काढून आत हात घातला, पट्टीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "मेण?" म्हणाले. मी म्हटलं, "चॅनल." चहा न घेताच गेले.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, संखेड्याहून काही आणा. संखेड्याचं लाखेचं रंगकाम झोपाळ्यावर, खुर्चीवर बघावं. मणी निवडायच्या ड्रॉवरला त्या नक्षीचा काय उपयोग?

कोपऱ्यांना डोव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या दातांचा एकमेकांत अडकणारा सांधा, जमला तर उत्तम, नाहीतर खाच पाडून फेविकॉल आणि रात्रभर शिकंजा (क्लॅम्प). तळाला 4 मिमी प्लाय खाचेत बसवा, खालून खिळे ठोकू नका. ड्रॉवरच्या आत तेल किंवा तेलाचं पॉलिश अजिबात नको, बंद जागेत त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही आणि कापडाला डाग पडतात. कोरंच ठेवा, फार तर लाखेच्या पॉलिशचा एक हात.

आणि हो, हे सगळं लहान, हलक्या ड्रॉवरपुरतं. दोन फूट रुंद ड्रॉवरमध्ये कापडाचे तागे किंवा शिवणयंत्र ठेवणार असाल तर चॅनलच लावा, आणि घेताना तो किती किलो पेलतो ते विचारून घ्या.