जवळून टिपताना : वाचकांच्या शंकांना उत्तरे

प्रश्न : चोर्ला घाटमाथ्यावरील सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, ‘सीतेची आसवे’ हे रानफूल टिपण्याचा प्रयत्न मी दोन पावसाळे करीत आहे. पाकळी स्पष्ट आली की देठ पुसट होतो. महागडी मॅक्रो लेन्स घेतल्यास हा दोष जाईल काय? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : जाणार नाही, उलट तो अधिक जाणवेल. मॅक्रो लेन्स वस्तूची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या भागावर) वस्तूच्याच आकाराची, म्हणजे १:१ प्रमाणात, उमटवते आणि या प्रमाणात फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/८ ठेवले तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा असतो. एफ/१६ ला, म्हणजे छिद्र आणखी लहान केल्यावर, तो सुमारे २ मिलिमीटर होतो. मात्र ॲपर्चर आणखी बारीक करीत गेल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडू लागते. त्यापेक्षा अर्ध्या आकारावर समाधान मानावे. आपल्याकडे ५० मिलिमीटरची साधी लेन्स असेल, तर तिच्यामागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावताच १:२ हे प्रमाण मिळते आणि एफ/८ लाच सुमारे ३ मिलिमीटर खोली हाती येते. या नळीत काच नसते, त्यामुळे ती स्वस्त असते.

मिळालेली खोली कुठे खर्च करायची, हा खरा प्रश्न आहे. उभे राहून वरून फोटो काढणाऱ्याची ती पाकळी आणि जमीन यांच्यामधल्या रिकाम्या जागेत वाया जाते. फुलाच्या बाजूला पोटावर झोपून कॅमेरा देठाला समांतर धरला, तर पाकळी, तिच्यामागचे शेपटीसारखे टोक आणि देठ बरेचसे एका पातळीत येतात. वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो एकत्र जोडण्याची युक्ती घरात उत्तम चालते. सड्यावरच्या वाऱ्यात ती बहुधा फसते, म्हणून वारा पडलेला असतो अशी सकाळची पहिली वेळ गाठावी. झोपण्याआधी मात्र अंगाखाली काय येणार आहे ते पाहावे. एका फुलासाठी शंभर फुले चिरडणारे छायाचित्रकार मी दर भाद्रपदात पाहतो.

प्रश्न : जांबोटीच्या बाजूला पावसाळी रात्री बेडकांचे फोटो काढतो. फ्लॅशमुळे अंगावर पांढरे डाग येतात. सोबतचा मित्र बेडूक उचलून चांगल्या पानावर ठेवतो. त्यात काही गैर आहे काय? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : डाग पडतात, कारण ओली कातडी आरशासारखे काम करते आणि फ्लॅशचा छोटा दिवा तिच्यात जसाच्या तसा दिसतो. दिवा विषयाच्या मानाने जितका मोठा, तितका प्रकाश मवाळ. फ्लॅशसमोर वळवून लावलेला बटर पेपर किंवा दुधी प्लास्टिकच्या डब्याचा कापलेला तुकडा शक्य तितका बेडकाजवळ आणला, की बराच फरक पडतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर स्पष्ट आहे : बेडूक उचलू नये. तो कातडीतूनही श्वास घेतो आणि आपल्या हातावर घाम, मीठ व डासांचे मलम असते. शिवाय उचलून ठेवलेला बेडूक भेदरून अंग चोरतो, आणि ते फोटोत जाणकाराला लगेच कळते. त्याऐवजी आवाजाच्या दिशेने जाऊन बॅटरी मंद करावी व थांबावे. गप्प झालेला नर पुन्हा ओरडू लागला, की गळ्याची फुगलेली पिशवी आपोआप टिपता येते. जाता जाता आपल्याच भागातली एक गंमत : बोटाच्या पेराएवढा एक झुडपी बेडूक ‘बॉम्बे’ हे नाव मिरवतो. प्रत्यक्षात १९१९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, ते लोंढ्यापलीकडच्या कॅसलरॉक येथील नमुन्यांवरून.

प्रश्न : भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहेत वटवाघळांचे जवळून फोटो घेता येतील काय? (एक विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : घेऊ नयेत. रॉटनचे वटवाघूळ दीर्घकाळ जगात केवळ या गुहांतूनच माहीत होते आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण दिले आहे. वन खात्याच्या परवानगीविना तेथे जाणेच योग्य नाही, आणि विश्रांती घेणाऱ्या वसाहतीत फ्लॅशला तर मुळीच जागा नाही.

प्रश्न : कारवारला नातेवाइकांकडे जाणार आहे. खडकांतल्या डबक्यांतील समुद्रजीव टिपण्यास कोणता दिवस निवडावा? (एक वाचक, टिळकवाडी)

उत्तर : अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस. उधाणाच्या या दिवसांत भरती मोठी असते तशी ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली राहणारे खडक उघडे पडतात. ओहोटीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आदल्या दिवशीच्या अंदाजावर न विसंबता भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. पाणी उतरत असतानाच पोचावे. ते चढू लागले, की नजर फोटोत आणि पाय खाचेत अशी गत होते.

डबक्यावरची चकाकी पोलरायझर (लेन्सवर लावायची चकाकी अडवणारी काच) फिरवून कमी करता येते. तो नसेल तर काळ्या छत्रीची सावली पुरते. समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा समुद्रप्राणी) मिटलेले असल्यास डिवचू नये, सावली हलू न देता थांबल्यास ते हळूहळू उमलते. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊ नये, त्याचा दंश विषारी असतो. उलटलेला दगड मात्र निघताना पूर्वीसारखाच पालथा घालावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या जीवांना ऊन सोसत नाही.