पहिलं मॉडेल विमान: रिमोटचं राफेल घ्यावं की घरीच काही बनवावं?

पोरगा आठवीत, गाव आर्वीकडचं, विमान बनवायचा हा पहिलाच प्रयोग, आणि त्याला रिमोटचं राफेल पाहिजे, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर : आत्ता नको. लढाऊ विमानाचे पंख आखूड, वजन जास्त. ते वेगात असेल तोवरच हवेत टिकतं, आणि नवशिक्याचा हात वळेपर्यंत ढेकळात जाऊन पडतं.

आधी हातानं फेकायचं ग्लायडर करा. पंख ६० सेंमी लांब, १० सेंमी रुंद. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्मोकोलचा ५-६ मिमी जाड काप चालतो. सनबोर्ड घेऊ नका, जड पडतो. अंगाला ५० सेंमीची बांबूची कामटी. मागं आडवं शेपूट २० बाय ७, त्यावर उभं ८ बाय ८. पंख मधोमध जोडताना दोन्ही टोकं ३-४ सेंमी वर उचला, म्हणजे झुकलेलं विमान आपोआप सरळ होतं. १८७१ मध्ये पॅरिसला आल्फोन्स पेनोनं पिळलेल्या रबरावर जे मॉडेल उडवलं, त्याच्याही पंखांची टोकं अशीच वर वळलेली होती आणि शेपूट मागं होतं. चिकटवायला फेव्हिकॉल वापरा. फेव्हिक्विकनं थर्मोकोल विरघळतो. पंखाच्या पुढच्या कडेला सेलोटेप लावला की ती लवकर तुटत नाही.

खरं काम यापुढं. पंखाच्या पुढच्या कडेपासून ३ सेंमीवर, खालून दोन बोटं टेकवून विमान उचला. शेपूट खाली गेलं तर नाकाला एम-सीलचा गोळा लावा, आडवं राहीपर्यंत. मग वारा नसताना, सकाळी आठच्या आत, भाला फेकतो तसं पण हळू, नाक किंचित खाली ठेवून सोडा. नाक वर करून थबकलं आणि पडलं तर गोळा थोडा वाढवा. सरळ खाली घुसलं तर गोळा कमी करा, नाहीतर आडव्या शेपटाची मागची कड थोडी वर वाकवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. पोट्ट्यांना इथंच घाई होते.

जागा म्हणून गवताचं पडीत बघा. पऱ्हाटी उभी असलेल्या वावरात पंख फाटतो, आणि पंपाच्या विजेच्या तारांपासून लांबच राहा.

ग्लायडर सरळ तरंगायला लागलं की मगच रिमोट. तेव्हाही पंख अंगाच्या वर असलेलं, मीटरभर पंखांचं फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचं विमान घ्या : २२१२ मापाची मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं सर्किट), ९ ग्रॅमचे सर्व्हो (पंख-शेपटाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी). रिमोट आणि चार्जर मात्र चांगले घ्या, ते पुढच्या विमानालाही कामी येतात. ड्रोन नियम २०२१ मध्ये अशी विमानंही येतात, म्हणून उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावर, कुठं उडवता येतं त्याचा नकाशा बघून घ्या.

अशा विमानाची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी मोठ्यांच्याच हाती ठेवा. बॅलन्स चार्जरनं (सगळे सेल सारखे भरणारा चार्जर) फरशीवर चार्ज करा, समोर कोणीतरी बसलेलं पाहिजे. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. आठवडाभर वापरणार नसाल तर ३.८ वर आणून ठेवा. आणि मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत किंवा टिनाच्या शेडमध्ये ती अजिबात नको.