टूर द फ्रान्समध्ये पडलेले सायकलपटू लगेच उठून पुन्हा सायकल कशी चालवू शकतात? त्यांना फारसे लागत नाही का?

लागते, आणि पुष्कळ लागते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि व्यावसायिक रोड रेस गेली अनेक वर्षे आवडीने पाहतो. पडलेला खेळाडू लगेच उठतो याचे मुख्य कारण असे, की शर्यत कोणासाठीही थांबत नाही. फुटबॉलमध्ये खेळ थांबवून डॉक्टर मैदानात येतात आणि गरज पडल्यास बदली खेळाडू उतरतो. इथे मात्र खेळाडू रस्त्यावर पडलेला असतानाच मुख्य जथा पुढे निघून जातो, आणि तीन आठवडे चालणाऱ्या या शर्यतीचा त्या दिवसाचा टप्पा ठरावीक वेळेत संपवला नाही तर दुसऱ्या दिवशी शर्यतीत राहताच येत नाही. त्यामुळे शुद्धीवर असलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी सायकल शोधतो आणि कुठे दुखते आहे हे नंतर पाहतो. पहिल्या काही मिनिटांत ॲड्रेनलिनमुळे वेदनाही दबलेली असते.

सर्वांत जास्त आढळणारी इजा म्हणजे कातडी सोलवटणे. अंगावर पातळ लायक्राचा पोशाख आणि वेग ताशी 60 किलोमीटर असेल, तर मांडी, कोपर आणि पाठ डांबरावर घासत जाते. धावत्या उघड्या मोटारीत बसलेले डॉक्टर तिच्या कडेला धरून सायकल चालवणाऱ्या खेळाडूच्या कोपराला पट्टी बांधतात, हे दृश्य तुम्हीही पाहिले असेल. खरा त्रास संध्याकाळी सुरू होतो. जखमेत रुतलेली खडी आणि माती साबणाच्या पाण्याने, प्रसंगी ब्रशने घासून काढावी लागते, नाहीतर जंतुसंसर्ग होतो किंवा कातडीत कायमचे काळे डाग राहतात. रात्री जखमा चादरीला चिकटतात, कुशीवर वळता येत नाही, झोप होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दीडदोनशे किलोमीटर असतात.

हाडांपैकी सर्वांत जास्त मोडते ते कॉलरबोन. माणूस खांद्यावर आपटला की त्या आघाताचा जोर या बारीक हाडातून छातीच्या हाडाकडे जातो आणि ते बहुधा मधल्या भागात तुटते. तुमच्याआमच्या बाबतीत हात झोळीत ठेवून कित्येक आठवडे वाट पाहिली तरी ते बहुतेक वेळा जुळते, पण व्यावसायिक खेळाडू लवकर सरावाला लागण्यासाठी अनेकदा प्लेट आणि स्क्रू बसवून घेतात आणि काही दिवसांतच घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या यंत्रावर, पाय मारू लागतात. एप्रिल 2024 मध्ये स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या शर्यतीत, टूर दोनदा जिंकलेल्या डेन्मार्कच्या योनास विंगेगोरचे कॉलरबोन आणि काही बरगड्या मोडल्या, शिवाय फुप्फुसालाही इजा झाली. तो 12 दिवस रुग्णालयात होता, तरी त्याच वर्षी जुलैत टूरमध्ये दुसरा आला. 2013 च्या टूरमध्ये ब्रिटनचा गेरेंट थॉमस पहिल्याच टप्प्यात पडला, कटिभागाच्या हाडाला तडा गेला, आणि तरीही त्याने पॅरिसपर्यंतचे सगळे टप्पे पूर्ण केले. अशा कथा मलाही थक्क करतात, पण त्यांच्यामागे रोजची तपासणी आणि डॉक्टरांचे पूर्ण पथक असते हे विसरू नये.

मला खरी काळजी डोक्याची वाटते. 2003 मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा सायकलपटू आंद्रेई किविलेव डोक्याला मार लागून मरण पावला, आणि त्याच वर्षी सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, म्हणजे यूसीआयने, हेल्मेट सक्तीचे केले. हेल्मेटमुळे कवटी वाचण्याची शक्यता वाढते, पण आतला मेंदू हादरतोच. मोडलेले हाड एक्स-रेमध्ये दिसते. मेंदूला बसलेला असा धक्का मात्र साध्या स्कॅनमध्येही बहुधा दिसत नाही, आणि ज्याला तो बसला आहे त्याच्याच निर्णयशक्तीवर त्याचा परिणाम झालेला असतो. म्हणून ‘मी ठीक आहे’ हे खेळाडूचे म्हणणे अशा वेळी पुरावा मानताच येत नाही. 2017 च्या टूर ऑफ कॅलिफोर्नियामध्ये तोम्स स्कुइन्श पडल्यावर झोकांड्या खात, भरधाव येणाऱ्या सायकलींच्या वाटेतच रस्ता ओलांडू लागला. तरीही त्याला सायकलवर बसवून देण्यात आले, आणि संघाने त्याला थांबवले ते नंतर. 2020 च्या टूरमध्ये एकूण क्रमवारीत चौथा असलेला रोमाँ बार्दे तेराव्या टप्प्यात पडला, उभा राहताना डळमळला, पण उरलेला डोंगराळ टप्पा त्याने पूर्ण केला. त्यानंतर मेंदूला धक्का बसल्याचे निदान झाले, स्कॅनमध्ये थोडा रक्तस्रावही दिसला, आणि त्याला शर्यत सोडावी लागली. त्या अवस्थेत तो घाटाच्या उतारावर पुन्हा पडला असता तर काय झाले असते, याचा विचारही नकोसा वाटतो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यूसीआयने यासंबंधी नियमावली काढली. जागेवर डॉक्टर पोहोचण्याआधी मेकॅनिक आणि संघव्यवस्थापक असतात, म्हणून लक्षणे ओळखायला त्यांनीही शिकावे, शंका आली तर खेळाडूला थांबवावे, आणि लक्षणे गेल्यानंतरही किमान आठवडाभर त्याने स्पर्धेत उतरू नये, असे तिचे स्वरूप आहे. ही सुधारणा मोलाची आहे, पण माझ्या मते अपुरी आहे, कारण नीट तपासणीला दहा मिनिटे तरी लागतात आणि ती दहा मिनिटे खेळाडूला कोणी परत देत नाही. तपासणीत निर्दोष ठरलेल्याला पडण्यापूर्वी तो ज्या गटात होता त्या गटाची वेळ द्यावी, असे मला मनापासून वाटते. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये सपाट टप्प्यावर पडलेल्यांना अशी वेळ आजही दिली जातेच. मग डोक्याच्या तपासणीसाठी ती का देऊ नये?