लघवीच्या रिपोर्टवरून डोळ्याची सूज कळते का?

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलीचे दोन्ही डोळे एकदम लाल झाले, उजेड सहन होईना. पुण्याच्या डॉक्टरांनी युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतली सूज) सांगून थेंब सुरू केले आणि लघवीतलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन तपासायला सांगितलं. डोळ्याचा नि लघवीचा काय संबंध? आणि दर वेळी पुणं गाठण्यापेक्षा इथेच लघवी तपासून सूज कळणार नाही का?
— एक आई, म्हसवड

उत्तर : ताई, ही तपासणी आठवणीने लिहिणाऱ्या तुमच्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटलं. लहान वयात दोन्ही डोळ्यांना अचानक पुढच्या भागात सूज आली, की आमच्या मनात ‘टिनू’ची शंका येतेच. १९७५ साली प्रथम वर्णन झालेल्या या आजारात डोळ्यांबरोबर मूत्रपिंडातल्या बारीक नलिकाही सुजतात. बीटा-२ हे इवलंसं प्रथिन रक्तातून गाळलं जातं आणि निरोगी नलिका ते जवळजवळ सगळं परत शोषून घेतात. नलिका सुजल्या की ते लघवीत उतरतं.

म्हणजे हा रिपोर्ट मूत्रपिंडाचा, डोळ्याचा नव्हे. मूत्रपिंड बरेचदा लवकर सावरतं, डोळ्याची सूज मात्र पुन्हा पुन्हा उलटते. बीटा-२ नॉर्मल आलं म्हणून थेंब बंद केले, तर फसगत होईल. लघवीतलं निओप्टेरिन (प्रतिकारशक्तीच्या पेशी सोडतात तो पदार्थ) हेही युव्हिआयटिसमध्ये अभ्यासलं गेलंय, पण ते साध्या व्हायरल तापातही वाढतं. त्यावर औषध कमी-जास्त करायला मी तरी धजावणार नाही.

सूज मोजायची ती स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शक यंत्रावर. एक मिलिमीटर लांबी-रुंदीचा प्रकाशझोत बुबुळापुढच्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या पेशी मोजतात. एकही नसली तर डोळा शांत, पन्नासच्या वर गेल्या तर सर्वांत वरची पायरी. याला पर्याय नाही. शिवाय स्टिरॉइडच्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो, तोही लघवीत दिसत नाही.

बीटा-२ साठी सकाळची पहिली लघवी देऊ नका. रात्रभर साठलेल्या आम्लधर्मी लघवीत ते नासतं आणि आकडा खोटा कमी येतो. ती टाकून द्यायची, पाणी प्यायचं आणि नंतरचा नमुना लगेच लॅबमध्ये पोचवायचा. सोबत मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिनही करा.

पुण्याच्या फेऱ्या वाचवायच्या तर दहिवडी किंवा फलटणच्या नेत्रतज्ज्ञांकडून मधल्या तपासण्या करून घ्या. पेशींची पायरी आणि दाब फाइलवर लिहून मागा. थेंब कसे कमी करायचे, ते पुण्याचे डॉक्टर तो कागद बघून फोनवरही सांगू शकतील.