घरच्या गॅरेजसाठी कार लिफ्ट: टू-पोस्ट घ्यावी की सिझर?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आहे, "पार्किंगला चांगली शहाबादी फरशी आहे, त्यामुळे पायाचा काही प्रश्न नाही." हे वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. जुळे सोलापुरात बंगला, स्विफ्ट आणि बोलेरो अशा दोन गाड्या, स्लॅब दहा फुटांवर, टू-पोस्ट (दोन खांबांच्या हातांवर गाडी उचलणारी) घेऊ की सिझर (गाडीखालून कात्रीसारखी उघडणारी), एवढ्याचं उत्तर दुकानदारसुद्धा देईल. पण शहाबादी फरशीवर टू-पोस्ट हा विषय आमच्या घरात पंगतीला निघाला की कुणीतरी अर्ध्या ताटावरून उठतंच.

अक्कलकोट रोडला आमचं लूमचं शेड आहे. धंदा बसला, लूम भंगारात गेल्या, शेड राहिलं. पत्रा कडेला १३ फुटांवर, आढ्याला त्याहून वर. थ्री-फेज कनेक्शन तसंच ठेवलं होतं. मी मिलमध्ये मेंटेनन्स फिटर होतो, त्यामुळं वडिलांची पद्मिनी आणि माझी वॅगनआर दुसऱ्याच्या हातात देणं जमत नाही. पण स्टँडवर गाडी चढवून पाठीवर सरपटायचं वय गेलं, म्हणून लिफ्ट.

माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, त्यांचं टायरचं दुकान आहे, मागं बरीच मोकळी जागा. पुण्याकडं एक वर्कशॉप बंद होत होतं, तिथल्या दोन टू-पोस्ट लिफ्ट त्यांनीच शोधल्या. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या, चार टनी. टेम्पो आला तेव्हा जोडीतली चांगली कुठली ते दाजींनी नीट बघून, वाकून, हातानं चाचपून निवडून घेतली. उरलेली माझी. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

दोघांच्याही जागेत खाली शहाबादीच. सोलापुरात दुसरं काय असणार, खाण शेजारच्या जिल्ह्यात. दाजींचं म्हणणं, "काय बे, ह्याच फरशीवर तुझ्या बापानं तीस वर्षं लूम चालवल्या. रात्रंदिवस धडधडत होत्या. एक तरी उखडली का? मग नुसत्या उभ्या खांबाला काय होतंय?"

ऐकायला एकदम पटतं. आमच्या घरात अजून अर्ध्या लोकांना पटतंच. पण लूम खाली दाबते आणि हादरते, चार पायांवर, बुटकी. टू-पोस्टचा खांब खाली दाबत नाही, तो पडायला बघतो. गाडी खांबावर नसते, खांबापासून पुढं आलेल्या हातांवर असते. म्हणजे दोन्ही खांब गाडीच्या बाजूला, आत झुकायला बघतात आणि त्यांना बाहेरच्या बाजूचे बोल्ट मागं ओढून धरतात. गणित करून बघा. हजार किलोची गाडी, एका खांबाला पाचशे. हाताचा पल्ला दोन-सव्वादोन फूट, बेसच्या बोल्टांमधलं अंतर फूटभर. मागच्या बोल्टांवर टनाच्या घरात ओढ येते. वर नेण्याची ओढ, खाली दाबण्याची नव्हे. हे मी दाजींना कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलं होतं. त्यांनी कॅलेंडर उलटं करून एकादशी कधी आहे ते बघितलं.

मी पहार घालून एक फरशी उचलली. सव्वा इंचाचा दगड, त्याखाली चुन्याचा थर, त्याखाली काळी माती. खांब जमिनीला जखडणारा अँकर बोल्ट असतो सहा इंची. सव्वा इंच दगडात, उरलेला कशात? आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. तिच्यावर घराची भिंत तडकते, तर खांब काय सरळ राहणार.

मग मी जिथं खांब आणि गाडी येणार तेवढा सगळा चौक उकरला. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, नवा मुरूम थराथरानं टाकून पाणी मारून दुरमुसानं बसवला, वर पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर), त्यावर सळईची दुहेरी जाळी आणि आठ इंच एम-२५ दर्जाचं काँक्रीट. लिफ्टच्या ड्रॉइंगमध्ये सहा इंच मागितलं होतं, मी आठ केलं. दाजी बघायला आले आणि म्हणाले, "धावपट्टी करतोस का बे?"

खरी बोंब पुढं झाली, पाण्याची. मिस्त्री म्हणाला, तीन दिवस पाणी मारा, बास. आयएस ४५६ ह्या काँक्रीटच्या भारतीय मानकात सरळ लिहिलंय की कोरड्या, गरम हवेत कमीत कमी १० दिवस क्युरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) पाहिजे, आणि मिश्र सिमेंट असेल तर १४. आजकाल दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे मिश्र सिमेंटच, म्हणून १४. एप्रिल महिना, पारा चाळिशीच्या वर आणि नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते सोलापूरकराला सांगायला नको. मी स्लॅबवर बांध घालून वाफे केले, गोणपाट अंथरलं आणि टँकर मागवला. आई शेडच्या दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "घरात पिण्याला मोजून पाणी आणि हा फरशीला पाजतोय." गल्लीतल्या दोन बायका घागरी घेऊन आल्या, त्यांना दिलं. उरलेलं स्लॅबला. त्यावरून अजून बोलणी खातो, खाऊ दे. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, तोवर ड्रिल लावू दिलं नाही.

तोवर दाजींची लिफ्ट उभी राहून, नारळ फुटून, धंद्याला लागली होती. येईल त्याला सांगायचे, "आमचा मेव्हणा अजून जमिनीला पाणी घालतोय, लिफ्ट उगवायची वाट बघतोय." हे मी विसरलेलो नाही.

जुलैत त्यांचा फोन आला नाही, अक्काचा आला. एक स्कॉर्पिओ गुडघाभर उचलल्यावर डावा खांब आत कलला. बेसप्लेटची बाहेरची कड वर आली आणि मागची अख्खी शहाबादी बोल्टासकट दात उपटावा तशी उचकटली. दुकानातला पोरगा हुशार, खडखडाट ऐकल्या ऐकल्या त्यानं गाडी खाली घेतली. कुणाला काही झालं नाही, बंपर घासला तेवढंच. मी जाऊन तो बोल्ट हातात घेतला. वरच्या सव्वा इंचाला दगडाचा पांढरट भुगा, खालच्या सगळ्या लांबीला ओली काळी माती. बोल्टाची स्लीव्ह (आवळल्यावर फुलून पकडणारी नळी) व्यवस्थित फुलली होती, पण फुलून धरणार कशाला?

दाजी काय म्हणतात? लिफ्टच खराब होती, सेकंडहँड माल, वायररोप एकसारखी नव्हती. अहो, पण जोडीतली चांगली तुम्हीच निवडली होती ना! तिची जुळी बहीण माझ्या शेडमध्ये आजही उभी आहे. दर पावसाळ्यानंतर खांबाला ओळंबा लावतो, टॉर्क रेंचनं बोल्ट तपासतो. हललेली नाही. दोन लिफ्ट सारख्या, फरक खालच्या जमिनीचा. ह्याहून वेगळा पुरावा काय असतो ते मला कळत नाही. तरी परवाच्या बारशात दाजी म्हणालेच, की अर्ध्या लिफ्टचे पैसे ह्यानं मातीत घातले. हो, घातले. मातीत घालायचेच पैसे होते ते.

आता तुमचं.

तुम्हाला टू-पोस्ट नको. पायामुळं नव्हे, उंचीमुळं. स्लॅब दहा फुटांवर म्हणता, पण बीमखाली मोजलंत का? नऊच भरतील. बोलेरो सहा फूट दोन इंच उंच. म्हणजे तिच्याखाली तीन फूटसुद्धा मिळत नाहीत. स्विफ्ट पाच फुटांची, तिच्याखाली चार. टू-पोस्ट घ्यायची ती खाली उभं राहून काम करायला, त्यासाठी छत बारा फुटांच्या आसपास पाहिजे. वरून आडवी पट्टी असलेली टू-पोस्ट तर बारा फूट स्वतःच खाते. बेसप्लेटवालीचे, म्हणजे आडवी पट्टी वर नसून खाली जमिनीवर असते तिचे, खांबसुद्धा नऊ फुटांच्या वरच असतात, तुमच्या बीमखाली ते उभेच राहणार नाहीत. पैसे सहा फुटांचे मोजायचे आणि उचलायची तीन फूट, कशाला?

मिड-राइज (मध्यम उंचीची) सिझर घ्या. तीन-साडेतीन फूट उचलते (बोलेरो मात्र बीमखाली तीनच्या आतच थांबवायची), स्टूलवर बसून ब्रेक, सस्पेन्शन, टायर, ऑइल सगळं होतं. वजन पसरून देते, बोल्ट उपटायची ओढ येत नाही. कपॅसिटी तीन टनांच्या खाली घेऊ नका, बोलेरो एकटीच दीड टनाच्या पुढं आहे. सिझरची खोट एकच, गाडीच्या मधोमध तीच बसलेली असते, त्यामुळं गिअरबॉक्स उतरवता येत नाही. पण घरी गिअरबॉक्स उतरवणारा माणूस हा प्रश्न विचारत नाही, राग मानू नका.

सिझरलासुद्धा फरशी तपासावीच लागते. हातोडीनं ठोकत जा, जिथं पोकळ वाजेल तिथं खाली काही नाही असं समजा. कोपऱ्यातली एक फरशी उचलून बघाच. बंगल्याच्या पार्किंगखाली बहुतेक वेळा जोत्याचा भराव असतो, तो वर्षानुवर्षं बसत राहतो. आणि हे तर सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं: पार्किंगखाली पाण्याची टाकी आहे का? आपल्याकडं ती नसलेला बंगला मी तरी बघितलेला नाही. तिच्या झाकणीच्या स्लॅबवर कुठलीच लिफ्ट नको, सिझरपण नको. टाकीच्या भिंतीपासूनही लांब. टाकीनं निम्मं पार्किंग खाल्लं असेल तर लिफ्टचा नाद सोडा, चांगला ट्रॉली जॅक आणि चार दणकट स्टँड घ्या.

खड्डा खणा म्हणून सांगणारे भेटतीलच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचून बसते, एलपीजीचंही तेच. आणि काळ्या मातीत खड्ड्याच्या भिंती पावसाळ्यात आत येतात. नको.

विजेचं बघा. मोटर साधारण तीन एचपीची, सिंगल फेजवर मिळते, पण घरचा मंजूर लोड किती ते आधी बघा. गाडी वर नेली की लॉकवर बसवायची, तेलाच्या दाबावर कधीच ठेवायची नाही. मात्र लॉकवरून उतरवताना आधी जरा वर उचलावी लागते. तेवढ्यात वीज गेली तर गाडी वरच, संध्याकाळच्या लग्नाला रिक्षानं जा. थ्री-फेज असेल तर लाइनचं काम झाल्यावर फेज उलटे झालेत का ते बघा, लूमवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. मोटर उलटी फिरली की पंप नुसता घरघरतो, उचलत नाही. तसाच दाबून धरला तर जळतो.

दुकानदाराकडं फाउंडेशन ड्रॉइंग मागा. "लागत नाही" म्हणाला की उठा. ब्रोशरवर ईएन १४९३ (गाडीच्या लिफ्टचं युरोपियन सुरक्षा मानक) छापलेलं असेल तर त्याचा कागद दाखवा म्हणा, छापायला कुणाला पैसे पडत नाहीत.

बोलेरोला पॅड चॅसीखाली लावायचे, स्विफ्टला सिलच्या, म्हणजे दाराखालच्या कडेच्या, खाचांच्या मध्ये. ते मॅन्युअलमध्ये आहे.

दाजींनी आता फोर-पोस्ट बघितली आहे. तिला बोल्ट मारावे लागत नाहीत असं कुणीतरी त्यांना सांगितलंय. खोटं नाही ते, पण चार खांबांचं सगळं वजन चार छोट्या पाटांवर येतं, आणि त्या पाटांखाली तीच शहाबादी, तीच माती. मी कॅलेंडर काढणार होतो, अक्का म्हणाली, दिवाळी होऊन जाऊ दे.