स्काडा पीसीचा माऊस दुसऱ्याच्या हाती देताना

अंबडहून प्रश्न : आमच्या पावडर कोटिंग लाईनच्या स्काडा पीसीवर (लाईन पडद्यावर दाखवणारा आणि चालवणारा संगणक) पुण्याचा सर्व्हिस इंजिनिअर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने येतो. तो आला की ऑपरेटरची स्क्रीन लॉक होते. सेटिंग चुकलंय का?

उत्तर : नाही, त्याची रीतच ती आहे. विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी एकालाच बसता येतं. बाहेरचा आत आला की जागेवरच्याची स्क्रीन लॉक. ऑफिसात याने फार बिघडत नाही. पण ओव्हनचं तापमान चढतंय आणि ऑपरेटरला अलार्म दिसत नाही, हे मला कुठल्याही लाईनवर मान्य नाही. दोघांना एकच स्क्रीन दिसेल असं सॉफ्टवेअर घ्या: व्हीएनसी, टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, काहीही. आत येण्याची परवानगी ऑपरेटरने दरवेळी स्वतः द्यावी. कायमचा पासवर्ड देऊन ठेवू नका. जुन्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात, म्हणून तो व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त सुरक्षित वाटेच्या, आतच वापरा. जमलं तर प्रोग्रामिंगला वेगळा पीसी ठेवा.

सातपूरहून प्रश्न : मी फिटर आहे. ब्रेकडाऊनला आमचे हात मशीनमध्ये असतात आणि बाहेरचा इंजिनिअर लॅपटॉपवरून आउटपुट (मोटर किंवा व्हॉल्व्हला चालू होण्याचा हुकूम) देऊन बघतो. इमर्जन्सी दाबून ठेवलं तर चालतं ना?

उत्तर : नाही चालत. तुमचा प्रश्न वाचून मी अस्वस्थ झालो. इमर्जन्सी स्टॉप मशीन थांबवण्यासाठी असतो, आत हात घालण्यासाठी नाही. दुसरा कुणीही तो फिरवून सोडू शकतो, आणि बऱ्याच मशीनवर सिलेंडरमधली हवा तशीच राहते. आयसोलेटर (मशीनचा मुख्य वीज स्विच) बंद, त्यावर तुमचं स्वतःचं कुलूप, किल्ली तुमच्याच खिशात. हवेची लाईन बंद करून दाब सोडलेला. मग स्टार्ट दाबून मशीन हलत नाही याची खात्री. त्यानंतरच हात आत.

मी एकदा घरून एका कन्व्हेयरचा आउटपुट फोर्स केला होता, म्हणजे प्रोग्रामला डावलून जबरदस्तीने चालू केला होता. 'सगळे बाजूला आहेत' असं मला फोनवर ऑफिसमधून सांगितलं होतं, आणि पलीकडे एक पोरगा बेल्टखाली वाकलेला होता. मोटरचा ओव्हरलोड ट्रिप होता म्हणून बेल्ट हलला नाही, एवढंच. तेव्हापासून मशीनजवळचा माणूस स्वतः फोनवर असल्याशिवाय मी एकही आउटपुट देत नाही. तुम्हीही हा आग्रह धरा, साहेब रागावले तरी. आणि काम संपल्यावर सगळे फोर्स काढले का, हे विचारून घ्या. राहून गेलेला फोर्स पुढच्या शिफ्टला भोवतो.

सिन्नरहून प्रश्न : राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा ठेवलाय. पोर्ट नंबर बदलला तर पुरे का? पीसीवर विंडोज ७ आहे.

उत्तर : पुरे नाही, आजच बंद करा. शोधणारे प्रोग्राम सगळेच पोर्ट चाचपतात. २०१९ साली 'ब्लूकीप' नावाचा दोष सापडला, त्यात पासवर्ड न लागता रिमोट डेस्कटॉपमधून आत शिरता येत होतं. तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला. बाहेरून येणाऱ्याने आधी ओटीपीसह व्हीपीएनमध्ये यावं, मग मधल्या एका पीसीवर, तिथून स्काडावर. पीएलसीपर्यंत, म्हणजे मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंट्रोलरपर्यंत, थेट वाट नकोच. पीएलसीशी बोलण्याची साधी मॉडबस टीसीपी पद्धत कुणालाच पासवर्ड विचारत नाही.

दिंडोरीहून प्रश्न : वाईनरीतल्या टाक्यांचं तापमान रात्री घरून मोबाईलवर बघायचंय, चिलरही चालवायचाय.

उत्तर : बघा जरूर, आंबवणीची उष्णता रात्र बघत नाही. त्याला रिमोट डेस्कटॉप लागत नाही, फक्त वाचता येणारं पान आणि अलार्मचा एसएमएस पुरतो. चिलर पीएलसीनेच चालवावा. सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) बदलायचाच असेल तर त्याची वरची-खालची मर्यादा पीएलसीत बांधून ठेवा.

अंबडहूनच आणखी एक : कुणी आगंतुक आत शिरलाय हे ऑपरेटरला कळेल का?

उत्तर : कधीकधी डोळ्यांदेखत. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये वीज वितरण कंपनीच्या ऑपरेटरसमोर कर्सर आपोआप फिरत ब्रेकर उघडत गेला. त्या दिवशी तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. असं दिसलं तर माऊसशी झटापट न करता इंटरनेटकडची केबल काढा आणि लाईनवर हाताने ताबा घ्या. सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था) ६ तासांच्या आत कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. पीएलसीकडची केबल चुकून निघू नये म्हणून इंटरनेटच्या केबलवर आजच लाल टेप गुंडाळा आणि तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरना ती दाखवून ठेवा.